ध्यान, जिक्र आणि मनःशांती : इस्लामी धर्मशास्त्रातील एका प्रश्नाचा विचार
(सातारा–सांगली परिसरातील परंपरेच्या अनुषंगाने)

मनाला शांती लाभावी म्हणून केलेले ध्यान इस्लामला संमत आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दाच्या उत्तराचा वाटतो. सामान्य श्रद्धावंत जेव्हा तो मौलवींपुढे ठेवतो तेव्हा त्याची अपेक्षाही बहुधा तशीच असते. तथापि या विषयावरील जुन्या ग्रंथांचे व अलीकडील निर्णयांचे अवलोकन केले असता असे दिसून येते की, एकाच धर्मग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या विद्वानांनी या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूला सबळ आधार आहे. हा विरोध कशातून उद्भवतो आणि त्याचा उलगडा कोणत्या तत्त्वाने होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा परिसर या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. सज्जनगड, गोंदवले आणि जत तालुक्यातील उमदी ही नामस्मरणाच्या साधनेची सुप्रसिद्ध स्थाने याच टापूत येतात. मिरजेचा ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेब यांचा दर्गा आणि कराडची उंच मनोऱ्यांची आदिलशाहीकालीन मशीद ही इस्लामी परंपरेची स्थानेही येथेच आहेत. सूर्यनमस्कारांचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा पुरस्कार ज्या औंध संस्थानातून झाला, त्याचा मुलूख आजच्या या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता. येथील मुलाणी, शिकलगार, बागवान, तांबोळी, अत्तार इत्यादी मुसलमान समाज शेकडो वर्षे या वातावरणात वावरत आला आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या जपमाळेत व आपल्या तसबीहमध्ये साम्य कोठवर आणि भेद कोठून, हा प्रश्न येथे केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. शाळेच्या पटांगणावर उभ्या असलेल्या मुलापुढे तो येतो, तसाच रात्री झोप न येणाऱ्या प्रौढ माणसापुढेही येतो.

१. शब्दांचा विचार

मराठीतील 'ध्यान' हा शब्द फार व्यापक आहे. एकाग्रता, चिंतन, नामजप, श्वासनियमन, मूर्तीचे मानसदर्शन, निर्विचार स्थिती इतक्या भिन्न गोष्टी आपण या एका शब्दाने निर्दिष्ट करतो. इस्लामी परंपरेत यांपैकी प्रत्येकीस निराळी संज्ञा आहे. ईश्वराच्या नामाचे वाणीने वा अंतःकरणाने केलेले स्मरण तो 'जिक्र'. सृष्टी, मृत्यू, स्वतःचे आचरण यांविषयीचे मनन तो 'फिक्र' अथवा 'तफक्कुर'. ईश्वर आपणास सदैव पाहत आहे, या जाणिवेत मन स्थिर ठेवणे तो 'मुराकबा'. काही काळ एकांतात राहणे ती 'खलवत', आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत केलेला उपासनापूर्ण निवास तो 'एतिकाफ'. श्वासाची राखण करून प्रत्येक श्वासोच्छ्वासाबरोबर स्मरण चालू ठेवणे याला फारसीत 'पास-ए-अन्फास' आणि श्वास रोखून धरण्याला 'हब्स-ए-दम' असे म्हणतात.

या यादीतील पहिल्या काही संज्ञा कुराण व हदीस यांतूनच आलेल्या आहेत. शेवटच्या दोन सूफींच्या साधनापद्धतीतील आहेत. 'ध्यान संमत आहे काय' असा प्रश्न केला म्हणजे या सर्वांची एकच गोळाबेरीज होते आणि उत्तरात गोंधळ उत्पन्न होतो. म्हणून विचाराची पहिली पायरी अशी की, विचारणाऱ्याच्या मनात यांपैकी नेमकी कोणती क्रिया आहे हे ठरविले पाहिजे.

२. मूळ आधार

जिक्र आणि तफक्कुर यांच्या संमतीविषयी मुळीच वाद नाही. कुराणाच्या तेराव्या सूरेतील अठ्ठाविसाव्या आयतीचा आशय असा की, अंतःकरणांना स्वस्थता लाभते ती ईश्वराच्या स्मरणाने. तिसऱ्या सूरेच्या १९१ व्या आयतीत उभे असता, बसले असता व आडवे असता ईश्वराचे स्मरण करणाऱ्या आणि आकाश व पृथ्वी यांच्या रचनेविषयी मनन करणाऱ्या लोकांची प्रशंसा आहे. विशिष्ट आसनाचे वा वेळेचे बंधन येथे घातलेले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. पैगंबर मुहम्मद यांना प्रेषितत्व प्राप्त होण्यापूर्वी ते मक्केजवळील हिरा गुहेत एकांतवास करीत, हा वृत्तान्तही सर्वमान्य आहे. 'जिब्रीलची हदीस' या नावाने प्रसिद्ध असलेल्या वचनात 'इहसान' म्हणजे धर्माचरणाची परिपूर्ण अवस्था सांगितली आहे. आपण ईश्वरास पाहत आहोत अशा भावनेने उपासना करावी आणि ते साधत नसेल तर तो आपणास पाहत आहे हे जाणून ती करावी, असा तिचा आशय आहे. मुराकब्याची सारी उभारणी याच वचनावर झालेली आहे.

इमाम गझाली (१०५८–११११) यांच्या 'इहया उलूमुद्दीन' या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथात मुराकबा व आत्मपरीक्षण यांस एक आणि तफक्कुर यास दुसरे स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. जिभेवरचे नाम हळूहळू अंतःकरणात उतरावे व शेवटी जीभ थांबली तरी अंतःकरणातील स्मरण थांबू नये, असा क्रम ते वर्णितात. त्याच वेळी ते एक इशाराही नमूद करतात. शास्त्रज्ञानाचा पाया नसताना दीर्घ एकांत व कठोर साधना केल्यास माणसाची प्रकृती बिघडू शकते आणि स्वतःच्या कल्पनांनाच तो साक्षात्कार समजून बसण्याचा धोका संभवतो. म्हणजे साधनेच्या पुरस्कर्त्यांनीही तिला सरसकट निरपवाद मानलेले नाही.

३. धर्मशास्त्राची कसोटी

इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, मानवी कृतींचे पाच वर्ग मानले जातात : आवश्यक, प्रशस्त, मुभा असलेली, अप्रशस्त आणि निषिद्ध. कोणत्याही नव्या कृतीस यांपैकी कोणत्या वर्गात बसवावयाचे, यासाठी शास्त्रकार प्रथम एक मूलभूत भेद करतात. कृती उपासनेच्या क्षेत्रातील, म्हणजे 'इबादात'पैकी आहे, की लौकिक व्यवहाराच्या क्षेत्रातील, म्हणजे 'आदात'पैकी आहे?

या दोन क्षेत्रांस लागू होणारे नियम परस्परांच्या उलट आहेत. लौकिक व्यवहारात जे निषिद्ध म्हणून सांगितलेले नाही ते सारे मुभा असलेले मानतात. अन्न, वस्त्र, औषध, व्यायाम, शेतीची अवजारे यांसाठी प्रत्येक वेळी धर्मवचन शोधावे लागत नाही. उपासनेच्या क्षेत्रात मात्र जे सांगितलेले आहे तेवढेच ग्राह्य धरतात. ईश्वराची उपासना कशी करावयाची हे माणसाने स्वतःच्या कल्पनेने ठरवावयाचे नसते, असे त्यामागील तत्त्व आहे. धर्मात जे मुळात नाही ते कोणी नव्याने आणील तर ते अग्राह्य होय, या आशयाची हदीस याच संदर्भात उद्धृत केली जाते, आणि अशा नव्या भरीस 'बिदअत' ही संज्ञा आहे.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे आणि आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली त्यातच आहे. तो प्रकार म्हणजे 'वसीला' अथवा साधन. स्वतः उपासना नसलेली, पण उपासना नीट घडावी म्हणून योजलेली कृती या वर्गात मोडते. मशिदीचा मनोरा, कुराणाच्या प्रतीवरील स्वरचिन्हे, मदरशाचा अभ्यासक्रम यांपैकी काहीही पैगंबरांच्या काळी नव्हते, परंतु त्यांना कोणी त्याज्य म्हणत नाही. सुप्रसिद्ध शास्त्रकार इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (११८१–१२६२) यांनी नव्या गोष्टींचेही वरील पाच वर्गांप्रमाणे विभाजन केले. उलट शातिबी (मृत्यू १३८८) यांनी धर्मातील नवी भर ही सर्वथा दोषास्पदच होय असे मानले, मात्र अशी साधने मुळात त्या संज्ञेखाली येतच नाहीत अशी मांडणी केली. वाटा निराळ्या असल्या तरी साधनाला साधन म्हणून स्थान देण्याबाबत दोघांचे मतैक्य आहे.

कृतीमागील 'नीयत', म्हणजे हेतू, हा दुसरा निकष. कृतींचे मूल्य हेतूंवर अवलंबून असते, ही हदीस बुखारी यांच्या संग्रहात सर्वांआधी येते. परंतु चांगल्या हेतूने निषिद्ध कृती निर्दोष होत नाही, ही मर्यादाही शास्त्रकारांनी घातली आहे. हेतूचा प्रभाव मुभा असलेल्या कृतींवर पडतो. झोपेसारखी साधी गोष्टही पहाटेच्या नमाजाला जाग यावी या हेतूने घेतली तर पुण्यप्रद होते, परंतु मूर्तीपुढील दंडवत व्यायामाच्या हेतूने घातल्यास तो निर्दोष होईल असे कोणी शास्त्रकार म्हणणार नाही.

यावरून असे म्हणता येईल की, इस्लामी धर्मशास्त्र 'ध्यान' या क्रियेविषयी सुटा निर्णय देत नाही. ती क्रिया करणाऱ्याच्या जीवनात उपासना म्हणून येते, साधन म्हणून येते की केवळ देहमनाचा व्यवहार म्हणून येते, याचा ते निर्णय करते. पुढील विवेचनात ही कसोटी आपल्या परिसरातील दोन उदाहरणांना लावून पाहावयाची आहे.

४. विजापूर–मिरज परंपरेतील जिक्र

मिरज हे आदिलशाहीतील महत्त्वाचे ठाणे होते, आणि विजापूर ही दख्खनमधील सूफी साधनेची एक प्रमुख भूमी. तेथील चिश्ती परंपरेत शाह मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला यांचे स्थान मोठे आहे. या मंडळींनी फारसीऐवजी दख्खनी बोलीत लेखन केले. मानवी देह पंचमहाभूतांचा व त्यांच्या पंचवीस गुणांचा बनलेला आहे, अशी मांडणी त्यांच्या लेखनात आढळते. सांख्य व योग यांच्या परिभाषेशी तिचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

याच परंपरेतून 'चक्कीनामा' हा रचनाप्रकार निर्माण झाला. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या ग्रंथात (१९७८) त्याचे विवेचन केले आहे. दळण दळताना स्त्रियांनी गावयाच्या या गीतांत जात्याच्या खुंट्याची सांगड 'अलिफ' या अक्षराशी आणि अर्थात 'अल्लाह' या नामाशी घातलेली असते, आणि दळण्याच्या लयीत ईश्वराचे नाम गुंफलेले असते. जात्यावरच्या ओव्यांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या प्रकाराचे मर्म निराळे सांगावयास नको. धर्मशास्त्राच्या दृष्टीने येथे महत्त्वाचे ते असे की, दळणे हा व्यवहार, लय हे साधन आणि नाम ही उपासना, असे तीनही स्तर एका कृतीत एकत्र आलेले असूनही ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. दळणाला कोणी पुण्यकर्म म्हटलेले नाही. त्या श्रमात स्मरणाची सोय तेवढी केलेली आहे.

श्वासनियमनाची गोष्ट याहून नाजूक आहे. पास-ए-अन्फासच्या प्रचलित पद्धतीत श्वास सोडताना 'ला इलाह' हा निषेधाचा आणि श्वास घेताना 'इल्लल्लाह' हा स्वीकाराचा भाग मनात म्हणतात. श्वासाशी मंत्र जोडण्याची कल्पना 'सोऽहम्'च्या अजपाजपाची आठवण करून देते, आणि दोन्ही साधनांच्या अनुयायांचा या भूमीत शतकानुशतके संबंध आलेला आहे. 'अमृतकुंड' या हठयोगविषयक ग्रंथाची अरबी व फारसी रूपांतरे झाली. शत्तारी परंपरेतील ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास 'बहरुल हयात' या नावाने त्याचे विस्तृत फारसी रूपांतर सिद्ध केले आणि त्यात एकवीस आसनांचे वर्णन केले. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत अठराव्या शतकाच्या आरंभी निजामुद्दीन औरंगाबादी या चिश्ती साधकांनी 'निजामुल कुलूब' या ग्रंथात जिक्राच्या विविध रीती नोंदविल्या आहेत.

या रूपांतरांत एक पद्धत ठळकपणे दिसते. आसन आणि श्वास यांची तंत्रे घेतली गेली, परंतु संस्कृत मंत्रांच्या जागी ईश्वराच्या अरबी नामांची योजना झाली आणि साधनेचे लक्ष्य इस्लामी एकेश्वरवादाच्या परिभाषेत मांडले गेले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर साधन घेतले गेले आणि उपासनेचा आशय बदलला गेला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे उदाहरण या संदर्भात निराळ्या टोकाचे आहे. कादिरी परंपरेतील या संतकवींनी 'योगसंग्राम' (१६४५) या आपल्या ग्रंथात योगाची मराठी परिभाषा सरळ स्वीकारली. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' (१९६७) या ग्रंथात अशा कवींचा परामर्श घेतला आहे. शास्त्रकाराच्या कसोटीवर शेख महंमदांची भाषा कोठवर उतरेल याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. परंतु साधनाचा स्वीकार आणि उपास्याचा स्वीकार या दोन गोष्टी या भूमीत वेगळ्या करून पाहिल्या जात होत्या, एवढे या साऱ्या परंपरेवरून निश्चित होते.

मिरजेत ही चर्चा संगीतापर्यंत येऊन पोहोचते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. संगीतश्रवणाने, म्हणजे 'समा'ने, अंतःकरण ईश्वराकडे वळते असे चिश्ती मानतात. नक्शबंदी परंपरेत त्याला सामान्यतः स्थान नाही. गझालींनी जुनैद बगदादींच्या नावावर नोंदविलेला दंडक असा की, समासाठी वेळ, स्थळ आणि सोबती या तीन गोष्टी योग्य असाव्या लागतात. येथेही विचार साधनाच्या योग्यायोग्यतेचाच आहे.

५. आक्षेपकांची बाजू

या परंपरेवरील आक्षेप केवळ कर्मठपणातून आलेले आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. पैगंबरांचे सहचर अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याविषयी दारिमी यांच्या संग्रहात एक वृत्तान्त आहे. कूफा येथील मशिदीत काही लोक वर्तुळे करून बसले होते व खड्यांवर मोजून ठराविक वेळा ईश्वराचे नाम घेत होते. इब्न मसऊद यांनी त्यांस खडसावले. नाम घेणे वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. पैगंबरांचे कपडेही अजून जीर्ण झाले नाहीत तोच तुम्ही उपासनेची नवी रीत काढू लागला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी केवळ 'अल्लाह, अल्लाह' अशा सुट्या नामाच्या पुनरावृत्तीवर आक्षेप घेतला. पैगंबरांनी शिकविलेली स्मरणवचने अर्थपूर्ण वाक्ये आहेत, सुटे शब्द नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. साधनेत गुरूचे रूप डोळ्यांपुढे आणण्याच्या पद्धतीवर, म्हणजे 'तसव्वुर-ए-शेख'वर, शाह इस्माईल (१७७९–१८३१) यांनी कठोर टीका केली. मनातली प्रतिमा हीही प्रतिमाच, आणि तिच्यापुढे एकाग्र होणे हे मूर्तिपूजेच्या उंबरठ्यावर उभे राहणे होय, असा तिचा आशय आहे.

या आक्षेपांमागे एक गंभीर भीती आहे. साधन म्हणून आलेली गोष्ट पिढ्या लोटल्यावर उपासनेची जागा घेते. ठराविक संख्या, ठराविक आसन, ठराविक श्वास हेच धर्म होऊन बसतात आणि जे मुळात आवश्यक ते मागे पडते. रात्रभर उपासना, नित्य उपवास आणि आजन्म ब्रह्मचर्य असे संकल्प करणाऱ्या तिघांस पैगंबरांनी स्वतःचे उदाहरण देऊन परावृत्त केल्याची हदीस आहे. माणसांनी स्वतःहून निर्माण केलेल्या संन्यासाचा कुराणातील (५७ : २७) उल्लेखही टीकेचाच आहे.

या भीतीस उत्तर देण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी केला. ते देवबंदी परंपरेतील शास्त्रकार आणि त्याच वेळी सूफी मार्गदर्शकही होते. श्वासनियमनादी पद्धती म्हणजे वैद्याने दिलेला उपचार होय, अशी त्यांची भूमिका आहे. चंचल मनाला उपासनेत स्थिरता यावी म्हणून हा उपचार असतो. रोग्याला औषध लागते, निरोग्याला लागत नाही, आणि औषध घेणे हेच आरोग्य असे कोणी समजू नये. जो या पद्धतींना स्वतंत्र पुण्यकर्म मानील त्याच्यापुरत्या त्या बिदअत ठरतील. वरील कसोटीचे इतके सुस्पष्ट उपयोजन क्वचितच आढळते. एकच क्रिया एका माणसासाठी निर्दोष आणि दुसऱ्यासाठी सदोष असू शकते, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

६. औंधचे सूर्यनमस्कार

दुसरे उदाहरण सूफी परंपरेबाहेरचे आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना सूर्यनमस्कारांची गोडी मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहामुळे लागली आणि पुढे त्यांनी या व्यायामाच्या प्रसारास स्वतःस वाहून घेतले. संस्थानच्या शाळांच्या नित्यक्रमात सूर्यनमस्कारांचा समावेश झाला आणि १९३८ साली लंडनहून लुईझ मॉर्गन यांनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मित्र, रवी, सूर्य इत्यादी बारा नावे आणि त्यांच्या जोडीला बीजमंत्र असा या नमस्कारांचा विधी आहे. भवानराव या उच्चारांना आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व देत.

या कृतीचे इस्लामी दृष्टीने परीक्षण करताना प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, सूर्याच्या बाबतीत या धर्माची भूमिका विशेष सावध आहे. कुराणाच्या ४१ व्या सूरेतील ३७ व्या आयतीत सूर्य व चंद्र यांस साष्टांग प्रणिपात न करता त्यांच्या निर्मात्यास तो करण्याची आज्ञा आहे. सूर्योदयाच्या, माध्यान्हीच्या आणि सूर्यास्ताच्या नेमक्या क्षणी नमाज पढण्यास मनाई आहे. सूर्योपासकांशी सादृश्य नको, असे कारण हदीसमध्ये दिलेले आहे. ईश्वराचीच प्रार्थना असूनही केवळ वेळेच्या साम्यामुळे जेथे इतकी दक्षता घेतली जाते, तेथे सूर्याच्या नावाने, सूर्याभिमुख होऊन, मंत्रपूर्वक घातलेला नमस्कार संमत ठरणे शक्य नाही. उपास्य सूर्य असेल तर ही कृती निषिद्ध होय, याविषयी सर्व पंथ एकमत आहेत.

आता याच कृतीतून नावे, मंत्र आणि नमनाचा भाव काढून घेतला तर काय उरते? शरीराच्या काही हालचालींची एक मालिका उरते. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास स्थापिलेल्या कैवल्यधाम संस्थेने योगक्रियांचा शरीरशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास आरंभिला, तेव्हापासून या हालचालींचा विचार व्यायाम म्हणूनही होऊ लागला आहे. या स्वरूपात ती कृती लौकिक व्यवहाराच्या क्षेत्रात जाते आणि तेथे मूळ नियम मुभेचा आहे. तरीही काही शास्त्रकार एक शंका उपस्थित करतात. परधर्मीयांच्या विशिष्ट धार्मिक खुणेचे अनुकरण, म्हणजे 'तशब्बुह', टाळावे अशी हदीस आहे, आणि 'नमस्कार' हे नाव व प्रणिपातासारखी स्थिती या त्या खुणा होत, असे ते म्हणतात. इतरांचे उत्तर असे की, एखादी रीत एका धर्माची खूण न राहता सर्वसामान्य झाली म्हणजे हा आक्षेप गळून पडतो. ती रीत सर्वसामान्य झाली आहे काय, हा प्रश्न मात्र ग्रंथाचा नसून वस्तुस्थितीचा आहे, आणि तो स्थळकाळानुसार बदलतो.

येथे सक्तीचा मुद्दा उपस्थित होतो. प्रौढ व्यक्ती घरी काय करते ते तिच्या हेतूवर सोडता येते. शाळेच्या पटांगणावर रांगेत उभ्या केलेल्या मुलाच्या बाबतीत हेतू दुसऱ्याने ठरविलेला असतो. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार राज्याची मान्यता अथवा साहाय्य असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणासही त्याच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. म्हणजे 'ही उपासना की व्यायाम' हा प्रश्न मुफ्तीइतकाच न्यायाधीशापुढेही येऊ शकतो, आणि दोघांनाही प्रथम त्याच भेदाचा विचार करावा लागतो. २०१५ साली पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा झाला तेव्हा या विषयावर देशभर वाद झाला. त्या वर्षीच्या सामुदायिक कार्यक्रमात सूर्यनमस्कारांचा अंतर्भाव नव्हता.

७. 'शांती' हा हेतू

अलीकडील निर्णयांत मनःशांतीचा मुद्दा प्रत्यक्षच आलेला आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने नोव्हेंबर २००८ मध्ये योगाविषयी निर्णय दिला. शारीरिक हालचाल, धार्मिक घटक आणि मंत्रोच्चार यांच्या संयोगाने मनःशांती व अंती ईश्वराशी ऐक्य साधू पाहणारी साधना मुसलमानांस निषिद्ध ठरविण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच तेथील पंतप्रधानांनी मंत्रविरहित व्यायामास हरकत नसल्याचे स्पष्ट केले. इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेने जानेवारी २००९ मध्ये मंत्रोच्चारासहित योगास मनाई करून केवळ शारीरिक व्यायामास मुभा दिली. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये योगास क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. हे निर्णय परस्परविरोधी वाटतात खरे, परंतु प्रत्येकाने कोणत्या कृतीचा विचार केला आहे हे पाहिले असता तो विरोध बराच कमी होतो. पहिल्याने उपासनेचा, तिसऱ्याने व्यायामाचा आणि दुसऱ्याने दोहोंचा पृथक् विचार केलेला आहे.

तरीही शांती हा स्वतंत्र हेतू म्हणून कितपत ग्राह्य, हा प्रश्न उरतोच. ज्यात कोणत्याही देवतेचे नाव नाही, केवळ श्वासाकडे लक्ष देणे आहे, अशा ध्यानाच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो. इगतपुरी येथे १९७६ पासून चालणाऱ्या विपश्यनेच्या शिबिरांमुळे हा प्रकार महाराष्ट्रास सुपरिचित आहे. येथे शास्त्रकारांची दोन मते संभवतात. मनाचा ताण हलका करणे हा देहाच्या थकव्यावरील उपायासारखाच लौकिक उपाय होय, आणि औषधोपचार करण्यास तर इस्लामने प्रोत्साहनच दिलेले आहे, असे एक मत. दुसरे मत असे की, ज्या साधनेमागे जीव, दुःख आणि मुक्ती यांविषयी संपूर्ण तत्त्वज्ञान उभे आहे, तिचे तंत्र तेवढे उचलणे बोलावयास सोपे पण आचरावयास कठीण असते. श्वासाकडे पाहणारा कालांतराने त्या तत्त्वज्ञानाकडेही पाहू लागतो.

दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि त्यांचा समन्वय तेराव्या सूरेच्या त्या आयतीच्या रचनेत शोधता येईल असे वाटते. तेथे स्वस्थता हे स्मरणाचे फळ म्हणून येते, स्मरणाचा हेतू म्हणून येत नाही. इस्लामी साधनेत शांती ही स्वतः साध्य नाही. ईश्वराभिमुख जीवनात ती ओघाने लाभते, आणि कधी लाभली नाही तरी नमाज सुटत नाही. म्हणून जो केवळ थकल्या मनाच्या विश्रांतीसाठी घटकाभर स्वस्थ बसतो त्याची कृती मुभेच्या वर्गात राहते. जो त्या विश्रांतीलाच जीवनाचे अंतिम उत्तर मानतो आणि नमाजाच्या जागी तिला बसवतो, त्याच्या बाबतीत आक्षेपकांची भीती खरी ठरते. उलट जो श्वास स्थिर करतो तो नमाजात मन लागावे म्हणून, त्याचा हेतू थानवींच्या उपचाराच्या कल्पनेत बसतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून एखाद्या ध्यानपद्धतीविषयी पुढील चार प्रश्न विचारावेत, असे सुचविता येईल. पहिला, तिच्यात कोणास आवाहन केले जाते, ईश्वरास, अन्य कोणास, की कोणासच नाही? दुसरा, तिच्यातील शब्द कोणते आणि त्यांचा अर्थ एकेश्वरनिष्ठेशी जुळतो काय? तिसरा, करणारा तिला स्वतंत्र पुण्यकर्म मानतो की साधन? चौथा, तिच्यामुळे विहित कर्तव्यांना, म्हणजे नमाज, रोजा, कुटुंब व उपजीविका यांना, बाधा येते की बळ मिळते? पहिल्या दोहोंची उत्तरे प्रतिकूल असतील तर चांगल्या हेतूनेही ती कृती संमत होत नाही. ती अनुकूल असतील तर निर्णय उरलेल्या दोहोंवर अवलंबून राहतो, आणि त्यांची उत्तरे बाहेरच्या कोणाला देता येत नाहीत, ती करणाऱ्यानेच द्यावी लागतात.

अभ्यासकांच्या दृष्टीने या विषयात अद्याप पुष्कळ काम व्हावयाचे आहे. दख्खनी चक्कीनामे आणि सातारा–सांगली भागातील जात्यावरच्या ओव्या यांची लय, प्रतिमा व नामयोजना यांच्या अंगाने तुलना व्हावयास हवी. औंध संस्थानच्या शाळांतील मुसलमान विद्यार्थ्यांविषयीच्या नोंदी संस्थानी कागदपत्रांत मिळतात काय, याचाही शोध घेण्याजोगा आहे. संमत–असंमत या निर्णयाचा अधिकार शास्त्रकारांचा आहे. त्या निर्णयामागील भेद या भूमीतील सामान्य माणसांनी आपल्या नित्य व्यवहारात कसे जपले, हे दाखवून देणे मात्र आपल्या विद्याशाखेचे काम आहे.